उभ्याचा चहा, बसल्याचा चहा

महिन्यातून एखादा तरी पोरगा गल्ल्यापाशी घुटमळतो. चहा पिऊन झालेला असतो, ग्लास मात्र हातातून सुटत नाही. मग विचारतो, "काकू, चहाचा धंदा टाकायचाय. किती भांडवल लागेल?" मी उलट विचारते, "तुझं गिऱ्हाईक उभं राहून पिणार, बसून पिणार, का तू त्याच्याकडं घेऊन जाणार?" बहुतेक पोरं इथंच गप्प होतात. दुकानाचं नाव ठरलेलं असतं, पाटीचा रंग ठरलेला असतो, इन्स्टाग्रामवर पानसुद्धा उघडलेलं असतं. एवढंच ठरलेलं नसतं.

पुण्यात मार्केट यार्डाच्या फाटकाबाहेर २००६ साली मी हातगाडीवर पहिलं पातेलं चढवलं. सहा वर्षं गाडी केली. पुढची सहा वर्षं थर्मास घेऊन दुकानादुकानांत हिंडले. २०१८ च्या दिवाळीपासून बिबवेवाडीच्या रस्त्याला आठ बाय दहाचा गाळा आहे. मधे दिरानं एका कंपनीचं नाव विकत घेऊन दुकान टाकलं, तेही जवळून पाहिलं. आता सगळं एकदाच लिहून ठेवते. पुढचा पोरगा आला की मोबाइलवर पाठवून देईन, म्हणजे माझं पातेलं उतू जायचं वाचेल.

उभ्याचा चहा

टपरी आणि हातगाडी म्हणजे उभ्याचा चहा. माणूस येतो, चार मिनिटं थांबतो, जातो. त्या चार मिनिटांत त्याला वाफ दिसली पाहिजे, आल्याचा वास आला पाहिजे आणि सुटे पैसे परत मिळाले पाहिजेत. बाकी शोभेची काही गरज नसते.

जागा बघायला आमच्या ह्यांनी मला एक युक्ती सांगितली होती. ते यार्डात हमाली करायचे, पाठ धरल्यावर ते थांबलं आणि मग गाडी आली. ते म्हणाले, रस्त्यावरून किती माणसं जातात ते मोजू नकोस, किती माणसं थांबलीत ते मोज. दोन दिवस मी पहाटेपासून वही घेऊन बसले. एका कोपऱ्यावरून हजार माणूस जायचा, पण सगळा घाईत. फाटकापाशी जेमतेम शंभर-सव्वाशे माणसं, पण सगळी खोळंबलेली. गाडी खाली व्हायची वाट बघणारा ड्रायव्हर, नंबर लागायची वाट बघणारा हमाल, टेम्पो मिळायची वाट बघणारा भाजीवाला. वाट बघणारा माणूस चहा पितो. म्हणून रिक्षा स्टँड, दवाखान्याचं फाटक, गॅरेजांची ओळ, मजूर अड्डा, आरटीओच्या एजंटांचा कट्टा, अशा जागा धरा. आणि दुपारी तीनला तिथं ऊन कुठून येतं ते बघा. पश्चिमेकडं तोंड असलेली टपरी उन्हाळ्यात ओस पडते.

यार्डात माल रात्रीच उतरायला लागतो. मी साडेतीनला शेगडी पेटवायची. रविवारी आवक जास्त, तेव्हा त्याहून आधी. पहाटेच्या गिऱ्हाइकाला चहा गोड लागतो, कडक लागतो, आलं घशाला लागेल इतकं लागतं. अंगमेहनतीचा माणूस साखर कमी चालवून घेत नाही. हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' या स्वस्त जेवणाच्या केंद्रावर झुणका-भाकरी खाऊन माणसं माझ्याकडं यायची, तर त्यांना वरून चहा अर्धाच पुरायचा. दहानंतर मात्र गाळ्यांवरचे मुनीम, हिशेबनीस. त्यांना तोच चहा पाजला तर तोंड वाकडं. म्हणून माझी पातेलीच दोन होती, पहाटेचं आणि दहाचं. तुमच्या जागेवर दिवसातून किती जातीचं गिऱ्हाईक बदलतं ते पहिल्या आठवड्यात कळतं. त्याप्रमाणं आलं-साखर हलवा. चव एकच ठेवायची हा नियम नाववाल्या कंपनीचा, गाडीवाल्याचा नव्हे.

दुसरं, पातेलं लहान ठेवा. वीस-पंचवीस कपांचं. एकदाच शंभर कपांचं उकळून ठेवलं की शेवटचे चाळीस कप काळे आणि तुरट होतात, वर सायीची कातडी धरते. लहान पातेलं संपलं की दुसरं चढतं, आणि चढलेलं पातेलं बघून चालता माणूस थांबतो.

चहा करायचा कसा

हे मी पन्नास कपांच्या मापानं सांगते. कप म्हणजे आपला हाफ, पाऊणशे मिलीच्या आसपास.

दूध अडीच लिटर, पाणी दीड लिटर. साखर सव्वातीनशे ग्रॅम. पावडर एकशे दहा ग्रॅम. आलं पन्नास ग्रॅम. वेलदोडे सहा-सात, सालासकट कुटून. गवती चहा मिळाला तर पावसाळ्यात चार पाती गाठ मारून.

आधी पाणी. त्यात ठेचलेलं आलं आणि साखर घालून खळाखळा उकळू द्या, तीन मिनिटं तरी. आलं दुधात कच्चं पडलं की दूध फाटतं. आल्यात एक पाचक रस असतो, तो दूध जमवतो. उकळत्या पाण्यात त्याचा जोर मोडतो. माझं पहिल्या महिन्यात दोनदा फाटलं आणि मी दूधवाल्याशी भांडले. त्याचा दोष नव्हता, माझाच होता. अजून त्याची माफी मागायची राहिलीय.

मग पावडर. दोन मिनिटं, रंग गडद लाल होईस्तोवर. मग दूध, आणि तेही दुसऱ्या शेगडीवर तापवलेलं. थंड दूध ओतलं की पातेलं निवतं, पुन्हा उकळी यायला वेळ जातो आणि तेवढा वेळ पावडर नुसती भिजत राहून कडू होते. दूध घातल्यावर तीनदा वर येऊ द्या, तीनदा वगराळ्यानं उंचावरून धार सोडून खाली बसवा. वेलदोडा शेवटच्या उकळीला, नाहीतर सगळा वास वाफेबरोबर रस्त्यावर. गाळून किटलीत. गाळायला जाळीपेक्षा सुती फडकं चांगलं. बारीक पावडर जाळीतून उतरते आणि ग्लासच्या तळाशी बसते.

पावडर घेताना एकाच जातीची घेऊ नका. डस्ट, म्हणजे अगदी बारीक भुकटी, रंग देतं, दाणेदार पावडर चव देते. दोन्ही सीटीसीच, म्हणजे यंत्रात चिरडून केलेली, आसामकडची. भुसार बाजारात दोन्ही वेगवेगळी घेऊन मी सहाला चार मिसळते, सहा डस्ट. फार स्वस्त पावडर कुणी गळ्यात मारत असेल तर चिमूटभर ओल्या टिपकागदावर पसरून बघा. कागदावर लगेच लाल-तपकिरी ठिपके फुटले तर तिला रंग लावलाय. लोहचुंबकही फिरवून बघा, लोखंडाचा कीस चिकटतो कधीकधी.

पाण्याकडं कुणी बघत नाही. नळाच्या पाण्याचा चहा आणि बोअरच्या पाण्याचा चहा यात जमीन-अस्मानाचा फरक. जड पाण्यात चहा मळकट दिसतो, वर तवंग धरतो, पावडर वाढवली तरी चव येत नाही. उन्हाळ्यात टँकर आला की माझं जुनं गिऱ्हाईक पहिल्या घोटाला ओळखतं, "आज टँकर ना काकू?"

गुळाच्या चहाची आता सगळीकडं पाटी असते. गूळ दुधाबरोबर उकळला की फाटलाच म्हणून समजा. चहा बिनसाखरेचा पूर्ण करा, शेगडीवरून उतरवा, मिनिटभर थांबा आणि मग बारीक चिरलेला गूळ घालून ढवळा. पुन्हा शेगडीवर ठेवायचा नाही. त्यामुळं गुळाचा चहा मोठ्या पातेल्यात करताच येत नाही, पाच-सहा कपांचाच होतो. म्हणून तो महाग. गिऱ्हाइकाला वाटतं गुळाचे पैसे घेते, मी खोळंब्याचे घेते.

आणि बिनसाखरेचा मागणारे रोज वाढताहेत. सकाळी एक लहान पातेलं वेगळं करून थर्मासात भरून ठेवा. "साखर नाही तर पैसे कमी करा" म्हणणारे आजोबा प्रत्येक दुकानाला एक असतात. त्यांना हसून पूर्ण पैसे मागायचे. माझ्याकडचे आजोबा सात वर्षं रोज विचारतात आणि रोज पूर्ण देतात.

पाच रुपयांचा कप

वरच्या पन्नास कपांचा खर्च, माझ्या आजच्या खरेदीनं: दूध १६०, साखर १४, पावडर ४२, आलं-वेलदोडा १२, गॅस १५. झाले २४३. म्हणजे कपाला पाचला थोडा कमी. कागदी कप दिला तर वर पाऊण रुपया. दहाला विकला तर पाच सुटतात. पोरं इथं खूश होतात, "निम्मा नफा!" नफा नाही तो. त्यातून भाडं, वीज, पोऱ्याचा पगार, फुटलेले ग्लास, सांडलेलं, फुकटचं आणि बुडालेलं जायचंय. माझ्या गाळ्याला रोज दोनशे साठ कप हे फक्त उभं राहण्यासाठी लागतात. दोनशे एकसष्टावा कप माझा. तुमचा आकडा काढा आणि फळीवर खडूनं लिहून ठेवा. रोज संध्याकाळी किती वाजता तो ओलांडला ते बघायचं. चारला ओलांडला तर दुकान बरं चाललंय. आठ वाजेपर्यंत ओलांडत नसेल तर पाटी बदलून उपयोग नाही, जागा बदला.

२४३ तले १६० दुधाचे. म्हणजे तीन भागांतले जवळजवळ दोन भाग. म्हणून ज्याला दूध कळत नाही त्यानं चहात पडू नये. दुधातलं पाणी ओळखायला लॅक्टोमीटर घ्या, पण त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नका, पाण्यात साखर घालून दूधवाला त्यालाही फसवतो. खरी खूण म्हणजे आटवलेलं दूध. महिन्यातून एकदा पावशेर दूध मंद आचेवर आटवा आणि खाली किती उरतं ते बघा. दूधवाल्यासमोर आटवलं तर आणखी चांगलं.

पोचवायचा चहा

यात गिऱ्हाईक हलत नाही, तुम्ही हलता. लोकांना हे कमीपणाचं वाटतं. मला मात्र सगळ्यात जास्त पैसा ह्यातच मिळाला, आणि भाडं शून्य. घरच्या स्वयंपाकघरात नव्हे, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत शेगडी मांडली होती, मालकाला रोज चार कप हेच भाडं.

मुकुंदनगर, स्वारगेटच्या बाजूला दुकानं, सीएची ऑफिसं, एक छापखाना, दोन दवाखाने. सकाळी अकरा आणि दुपारी चार. या दोन वेळांच्या अलीकडं-पलीकडं पंधरा मिनिटांत सगळीकडं पोचलं पाहिजे. साडेअकराला नेलेला चहा लोक पितात, पण दुसऱ्या महिन्यात चहावाला बदलतात.

थर्मास स्वस्तातला घेऊ नका. भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ओता, मग चहा भरा. थंड थर्मासात भरला तर बरीच उष्णता स्टीलच खातं. गळ्यापर्यंत भरा, आत हवा राहिली की लवकर निवतो. दुधाचा चहा थर्मासात दोन तास बरा राहतो, त्यापुढं त्याला शिळा वास येतो. आलं थोडं कमी घाला, कोंडलेल्या चहात ते वाढत जातं. एका लिटरात तेरा कप बसतात, पण बिल बाराचं करा. तेरावा कप साहेबांच्या अचानक आलेल्या पाहुण्याचा. तो कप ज्यानं मोजला त्याचं ऑफिस सुटलं.

उधारी इथं मरण. ऑफिस म्हणतं महिन्याला देऊ, आणि महिना संपला की सही करणारा माणूस रजेवर. मी पन्नास-पन्नास कुपनांची पुस्तकं छापून घेतली. पैसे आधी, कुपन फाडा, चहा घ्या. भांडण नाही, वही नाही. दोन वर्षांनी एका ठिकाणी कुपनं संपतच नाहीत असं लक्षात आलं. रंगीत झेरॉक्स! कोण ते मला कळलं होतं, बोलले नाही. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक पुस्तकावर महिन्याच्या महिन्याला वेगळ्या रंगाचा शिक्का आणि माझी आडवी सही. तुम्ही आता यूपीआयनं आगाऊ घेता येईल म्हणाल, घ्या. पण कपांची नोंद कुठंतरी कागदावरच ठेवा, आणि पैसे आल्याचा आवाज मशीनमधून आल्याशिवाय समोरच्या मोबाइलवरचं हिरवं चित्र खरं मानू नका.

सुट्ट्या मोजून घ्या. दुसरा-चौथा शनिवार, रविवार, दिवाळीचे पाच दिवस, मे महिन्यातली गावाकडची पळापळ. वर्षातले साधारण अडीचशे दिवस कमाईचे. दर ठरवताना तीनशे पासष्टानं भागू नका. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ज्यांचा सगळा धंदा ऑफिसांवर होता त्यांना घरून काम सुरू झाल्यावर वर्षभर कुणी विचारलं नाही. माझा तोवर गाळा झालेला, तोही बंदच, पण गाळ्याला निदान पार्सलची खिडकी उघडता आली.

पोचवायला पोऱ्या ठेवाल तर चौदा वर्षांखालचा ठेवू नका, कायद्यानं बंदी आहे. आणि मोठा ठेवलात तरी त्याला बोनस म्हणून एक सायकल द्या. पायी जाणारा पोऱ्या शेवटच्या दुकानात पोचेपर्यंत चहाची वेळ टळते.

बसल्याचा चहा

बसायची हौस सगळ्यांना असते. भिंतीवर चित्रं, बांबूचे दिवे, मागं संथ गाणी. आमच्या पुण्यात याचे दोन जुने नमुने आहेत, त्यांच्याकडं बघून मगच टेबलं विकत घ्या.

पहिला अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी ही दुकानं पेठांत बसवली. बहुतेकांना देवाचं नाव आणि पुढं अमृततुल्य. जुन्या दुकानांची मांडणी नीट बघा. शेठ दाराशीच उंच ओट्यावर बसलेला, शेगडी त्याच्या पुढ्यात, खलबत्ता उजव्या हाताला, गल्ला मांडीशी. एकाच माणसाच्या नजरेत चहा, पैसा, रस्ता आणि आतली बाकडी. आत बाकडी अरुंद, पाठीला टेकू नाही. माणूस बसतो, पण पसरत नाही, दहा मिनिटांत उठतो. मी माझ्या गाळ्यात हेच केलं. शेगडी दाराशी आणली, आत नऊ इंच रुंदीची दोन बाकडी टाकली. पितळी पातेलं घेणार असाल तर कल्हई वेळेवर करा. कल्हई गेलेल्या पितळेत दूध उकळू नये, चवही बिघडते आणि पोटही. मी दोन वर्षं हौस केली आणि कल्हईवाला मिळेना म्हणून स्टीलवर आले.

दुसरा इराणी. मुंबईत धोबीतलावचं कयानी १९०४ चं, आपल्याकडं डेक्कनचं गुडलक १९३५ चं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, कोपऱ्याची जागा, आरसे. इराण्याकडं माणूस तासभर बसायचा, एका चहावर पेपर वाचायचा. लोक म्हणतात, तसं काहीतरी काढू. अरे बाबा, त्यातली कितीतरी दुकानं जुन्या पागडीच्या, जुन्या भाड्याच्या जागेत होती. भाडं नाममात्र असेल तर तासभर बसलेला माणूस शोभा देतो. आजच्या भाड्यात तोच माणूस तुमचं टेबल खातो. शिवाय इराण्याचा चहा कधीच एकटा नसायचा. बन मस्का, कडक ब्रून पाव, खारी, ऑम्लेट. चहानं माणूस बसायचा आणि मस्क्यानं पैसे व्हायचे.

म्हणून बसायची सोय करायची तर खायला ठेवा, आणि तेही हाताला काम न पडणारं. क्रीमरोल, खारी, बन मस्का. पोहे-उपमा सुरू केलात की दुसरा आचारी, दुसरी शेगडी, दुपारचं उरलेलं, आणि चहाच्या पातेल्याला कांद्याचा वास. मी वडापाव चार महिने करून बघितला. वडा चालला, चहा बिघडला, जुनी माणसं पलीकडच्या टपरीवर गेली. वडा बंद केल्यावर सगळी परत आली नाहीत.

सदाशिव पेठ-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेतून उठून येतात. त्यांना चहापेक्षा अंग मोकळं करायला जागा हवी असते. तिथं बाकडी आत न टाकता बाहेर कठडा असला तर पुरतो. त्यांच्यावर चिडू नका, पण त्यांना उधारी देताना मात्र परीक्षेची तारीख विचारून घ्या.

दुसऱ्याच्या नावाचा चहा

दिरानं गावाकडची अर्धा एकर विकून एका कंपनीचं दुकान घेतलं. नाव घेत नाही, आता ती कंपनीही नाही. सहा लाख आधी. पाटी, टेबलं, कपसुद्धा त्यांचेच. मसाल्याची पुडी त्यांच्याकडूनच घ्यायची, बाजारात जी चारशेला मिळते ती साडेसातशेला. वर विक्रीतला हिस्सा. पहिले दोन महिने रांग. तिसऱ्या महिन्यात त्याच कंपनीनं सातशे मीटरवर दुसऱ्याला दुकान दिलं.

सगळ्याच कंपन्या अशा नसतात. काहींच्या नावावर गिऱ्हाईक खरंच येतं आणि नवख्याला चव शोधायची दोन वर्षं वाचतात. पण सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागा. माझ्यापासून किती अंतरात दुसरं दुकान देणार नाही. कोणता माल तुमच्याकडूनच घ्यायचा आणि त्याचा भाव कसा वाढणार. आणि मला सोडायचं असेल तर अनामत किती दिवसांत परत. तोंडी "भाऊ, काळजी करू नका" ऐकलंत की उठून यायचं. त्यांच्या यादीतली दोन दुकानं मात्र स्वतः जाऊन बघा, कंपनीचा माणूस बरोबर न घेता, आणि पावसाळ्यातल्या मंगळवारी दुपारी. उद्घाटनाला सगळीच दुकानं भरलेली असतात.

कागद

कंटाळवाणं आहे, पण थोडक्यात. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी गाडीवाल्यालाही लागते. लहान धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना, दोन्ही ऑनलाइन. नंबर दिसेल असा लावा. गाळा असेल तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली शॉप अॅक्ट. कामगार थोडेच असतील तर ऑनलाइन माहिती कळवून पावती घ्यायची. रस्त्यावर असाल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालचं प्रमाणपत्र. ते नसेल तर गाडी कधी उचलली जाईल याचा नेम नाही. प्रमाणपत्राचा दुसरा उपयोग म्हणजे पीएम स्वनिधीचं, केंद्र सरकारच्या पथविक्रेत्यांसाठीच्या योजनेचं, कर्ज. २०२० साली सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा दहा हजार मिळायचे, फेडले की वीस, मग पन्नास. माझ्या गाडीच्या जागी आता जी बाई उभी राहते तिनं त्यातूनच नवी शेगडी घेतली.

सिलेंडर एकोणीस किलोचा, धंद्याचाच घ्या. घरचा चौदा किलोचा लावून पैसे वाचतात असं वाटतं. तो पकडला तर जातोच, पण आग लागली तर विमा कंपनी तुमच्याकडं बघणारसुद्धा नाही. नळी दर दोन वर्षांनी बदला, रात्री रेग्युलेटर बंद करा.

भांडवलाचं सांगायचं राहिलं. हातगाडी, शेगडी, सिलेंडरची अनामत, भांडी आणि पंधरा दिवसांचा माल, माझ्या अंदाजानं पन्नास हजार. गाळा असेल तर अनामत सोडून दोन-अडीच लाख. आणि दोन्हीकडं, चार महिने घर चालेल एवढे पैसे वेगळ्या डब्यात. हा डबा नसेल तर आधी सहा महिने कुणाच्या तरी दुकानात पातेलं घासा. पगारही मिळेल आणि पहाटे उठवतंय का तेही कळेल.

रात्री

दुकान बंद करायची वेळ दूध ठरवतं. आठला किती दूध शिल्लक आहे ते बघून शेवटचं पातेलं चढवा. थोडं उरलं तर चालेल, संपलं तर उत्तम, पण कमी पडलं म्हणून पाणी वाढवू नका. रात्री नऊचं गिऱ्हाईक रोजचंच असतं. उरलेलं दूध मी तापवून विरजते. शेजारच्या खानावळीत त्या दह्याचं ताक होतं आणि मला त्या बदल्यात रात्रीची भाकरी मिळते, सहा वर्षं झाली, एक रुपया इकडचा तिकडं नाही.

चोथा कचऱ्यात टाकू नका. कुंड्यांना चांगला, पण त्यात साखर आणि दूध असतं, तसाच टाकला तर मुंग्या आणि वास. एकदा पाण्यातून काढा, पिळा, वाळवा, मग द्या. गल्लीतल्या दोन घरच्या गुलाबांना माझा चोथा जातो.

ग्लास तीन बादल्यांत. पहिलीत नुसतं खळबळून, दुसरीत साबण, तिसरीत गरम पाणी. तिसरी बादली गार झाली की लिपस्टिकचा डाग निघत नाही.

आणि गाळायचं फडकं कधीही साबणानं धुवू नका. साबणाचा वास सुतात राहतो आणि सकाळच्या पहिल्या पातेल्यात उतरतो. नुसत्या पाण्यात उकळा, दोनदा पिळा, रात्रभर वाऱ्याला दोरीवर टाका. तीन फडकी पाळीपाळीनं वापरा, पंधरा दिवसांनी नवी घ्या. जुन्या धोतराचं मिळालं तर सोन्याहून पिवळं.